वस्तरा आणि दुधारी पातें

सकाळीं आरशासमोर उभा राहून दाढी करणारा गृहस्थ आपण कांहीं नवीन करीत आहों असें क्षणभरहि मानीत नाहीं. कढत पाण्याचा पेला, साबण, ब्रश आणि कागदासारखें पातळ असें तें दुधारी पातें या वस्तु जणूं पणजोबांपासून न्हाणीघराच्या फळीवर पडून आहेत, अशा सहजतेनें तो त्यांना हात घालतो. वास्तविक पाहतां, स्वतःची श्मश्रू स्वतः करण्याची ही रीत महाराष्ट्रांतील सामान्य घरांत शिरल्याला फार तर शंभर वर्षें झालीं असतील. तत्पूर्वीं दाढी ही एकट्यानें उरकावयाची गोष्टच नव्हती. तिला दोन माणसें लागत. एक वस्तरा धरणारा आणि दुसरा त्याच्यापुढें मान देणारा. या दोघांपैकीं पहिला घरांतून कसा बाहेर पडला, त्याच्याबरोबर कोणतें ज्ञान गेलें आणि कोणतें जाचक बंधन सैल झालें, याची कथा एका पोलादी पात्याच्या निमित्तानें सांगतां येते. ती सांगावयास वैनगंगा-प्राणहितेच्या कांठचा जुना चांदा जिल्हा विशेष सोयीचा आहे. कारण या कथेंतलें लोखंड तेथें आहे, आणि गांवगाडा जेथें संपतो व अरण्य सुरू होतें ती सीमाहि तेथेंच आहे.

चांदा जिल्ह्याचें नांव पुढें चंद्रपूर झालें, आणि १९८२ सालीं त्याचा पूर्वभाग तोडून गडचिरोली हा निराळा जिल्हा करण्यांत आला. पश्चिमेस वरोरा-भद्रावतीकडे काळी कपाशीची जमीन, मध्यें ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे तळ्यांच्या पाण्यावर पिकणारें धान, आणि पूर्वेस व दक्षिणेस आलापल्ली, भामरागड, सिरोंचा यांचें सागाचें व बांबूचें रान, असे या मुलखाचे तीन पट्टे. धोकटी घेऊन फिरणाऱ्या माणसाचें नांवहि या पट्ट्यांबरोबर बदलत जातें. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातींविषयीं जो मोठा ग्रंथ १९१६ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत नाई, म्हाली, हजाम, भंडारी, मंगला हीं नांवें एकाच व्यवसायाखालीं दिलेलीं आहेत. मराठी मुलखांत तो न्हावी किंवा म्हाली. तेलुगु बोलणाऱ्या सिरोंच्याकडे तोच मंगली. नांव कांहींहि असो, धोकटींतील सरंजाम सर्वत्र जवळजवळ एकच असे. दोन-तीन वस्तरे, कात्री, नखें काढावयाची नेहरणी, कंगवा, एक लहान आरसा, पाण्याची वाटी, धार लावण्याचा दगड आणि चामड्याचा पट्टा. मजुरी रोख नसे. सुगीच्या वेळीं कुळाकुळानें खळ्यावरचें धान्य द्यावें आणि त्यानें वर्षभर त्या घरच्या पुरुषांच्या हजामती कराव्या, असा तो बलुत्याचा करार. लग्नांत, जावळांत, दहाव्याच्या क्षौरांत त्याचा मान वेगळा. याच व्यवसायांतल्या सेना महाराजांना वारकऱ्यांनीं संतमंडळांत बसविलें आहे. रोज ज्याच्या वस्तऱ्याखालीं गांवाचा गळा येतो, त्याच्यावर गांवाला विश्वास टाकावाच लागतो!

हा माणूस दाढी गुळगुळीत कशी करी? साबणाचा फेस ही पुढची गोष्ट. जुना न्हावी बहुधा नुसत्या पाण्यावर काम भागवी. झाडाखालीं किंवा ओसरीवर गिऱ्हाइकास समोर बसवून तो वाटींत बोटें बुडवी आणि गाल, हनुवटी, गळा चोळूं लागे. हें चोळणें बराच वेळ चाले. तेवढ्या वेळांत गांवच्या सगळ्या बातम्या होऊन जात, आणि न्हावी गप्पिष्ट अशी ख्याति त्यामुळेंच पसरली असावी. परंतु साऱ्या कलेचें मर्म त्या चोळण्यांत होतें. केंस पाणी पितो. कोरडा दाढीचा केंस कातडींत रोवलेल्या ताठ काडीसारखा असतो. दोन-तीन मिनिटें पाण्यांत मुरला कीं तो फुगतो, मऊ होतो, आणि त्याला कापावयास लागणारा जोर पुष्कळच कमी होतो. केंसावरचें तेलकट लेपनहि चोळण्यानें निघून जातें आणि पाणी आंत शिरावयास वाट मिळते.

मग वस्तरा पट्ट्यावर, पट्टा नसला तर तळहातावर, मागेंपुढें फिरवून धारेची वळलेली कोर सरळ केली जाई. गालावर तो जवळजवळ निजविलेला असे. उभा धरला तर केंस कापण्याऐवजीं तो कातडी खरवडतो. डाव्या हाताचा अंगठा कातडी किंचित् ताणून धरी. पहिला हात सुलट, म्हणजे केंस ज्या दिशेनें वाढतो त्या दिशेनें; पुन्हां पाणी लावून दुसरा हात आडवा; आणि गिऱ्हाईक फारच हौशी असलें तर शेवटीं उलट. दाढीची वाढ सर्वत्र वरून खालींच असते असेंहि नाहीं. गळ्यावर ती कित्येकांची वर चढते किंवा बाजूला वळते, आणि कोणाच्या जबड्याखालीं तर चक्क भोवरा असतो. गांवच्या न्हाव्याला गांवांतील प्रत्येक गळ्यावरचा हा नकाशा पाठ असे. बापाच्या हाताकडे पाहत पाहत मुलगा तो शिके. कागदावर उतरविण्याची गरज कोणाला कधीं वाटली नाहीं, आणि पुढें हेंच नडलें.

परंतु या सुखाला कुंपणें होतीं. पहिलें काळाचें. सोमवार, शनिवार, एकादशी, अमावास्या असे वर्ज्य दिवस टाळून आठवड्यास एकदां दाढी झाली तरी ती नियमित समजत, आणि मधल्या दिवसांचे खुंट घेऊनच भला माणूस चारचौघांत वावरे. दुसरें कुंपण जातीचें होतें आणि तें ओलांडण्याचा मुहूर्त पंचांगांत नव्हता. ज्यांना अस्पृश्य मानलें गेलें त्यांच्या वस्तींत गांवची धोकटी जात नसे. त्यांनीं आपसांतच एकमेकांची सोय पाहावी. एखाद्याला वाळींत टाकावयाचें झालें तर त्याचा न्हावी आणि धोबी प्रथम बंद होत. अशा रीतीनें वस्तरा हें पंचायतीच्या हातचें हत्यार होतें. न्हाव्याच्या मनांत दया आली तरी तिचा उपयोग नव्हता; नको त्या एका दारीं तो गेला तर उरलेलीं शंभर दारें त्याला मिटत.

या नकाराची चव मोहनदास गांधींनीं दक्षिण आफ्रिकेंत घेतली. प्रिटोरियांतील एका गोऱ्या न्हाव्यानें त्यांचे केंस कापावयाचें साफ नाकारलें. दाढी स्वतः करावयास ते विलायतेंत शिकले होते. आतां कात्री विकत घेऊन त्यांनीं आरशांत पाहत केंसहि स्वतःच कापले. मागची बाजू बिघडली आणि कोर्टांत हंशा पिकला. आत्मकथेंत हा प्रसंग सांगतांना त्यांनीं त्या न्हाव्याला दोष दिलेला नाहीं. काळ्यांना हात लावला तर आपलें गोरें गिऱ्हाईक जाईल ही त्याची भीति त्यांनीं ओळखली. आणि आपले न्हावी आपल्याच अस्पृश्य बांधवांना हात लावीत नाहींत, त्याचें हें आपल्या पदरांत पडलेलें फळ, असें त्यांनीं मानलें.

वस्तऱ्याची तिसरी गोष्ट याहूनहि कडू आहे. उच्चवर्णीय घरांत विधवेचें केशवपन होई, तेंहि याच धोकटींतल्या वस्तऱ्यानें. ज्या हातानें बाळाचें जावळ काढावें त्याच हातानें वीस वर्षांच्या मुलीचें डोकें भादरावें, आणि मोबदला म्हणून दक्षिणा घ्यावी! नकार देण्याचा अधिकार न्हाव्याला आहे असें कोणाच्या मनांतहि येत नव्हतें. गिरणीकामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें १८९० सालीं मुंबईच्या न्हाव्यांनीं सभा भरविली आणि विधवेच्या डोक्याला वस्तरा लावावयाचा नाहीं असा निर्धार केला. लोखंडे हे जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक परंपरेंतले. वस्तरा धरणाऱ्यांनीं आपल्या बुद्धीनें तो खालीं ठेवल्याचा असा दाखला आपल्या इतिहासांत विरळा.

हात असा ज्याच्या त्याच्या हुकमांत होता. त्या हातांतल्या पात्याचें पोलाद कोठून येई, हें आतां पाहूं गेल्यास पुन्हां चांद्याच्या टेकड्यांकडेच यावें लागतें.

वस्तऱ्याला नुसतें लोखंड चालत नाहीं. मऊ लोखंडाला धार येते पण ती टिकत नाहीं. त्यांत शेंकडा एक-सव्वा भाग कार्बन मुरला म्हणजे तें वस्तऱ्याच्या कामाचें पोलाद होतें. चांदा जिल्ह्यांत लोखंडाची वाण कधींच नव्हती. सिंदेवाहीच्या बाजूचें लोहारा, तसेंच पिंपळगांव, देवळगांव येथील लोहदगड फार कसदार. मातीच्या लहान भट्टींत लाकडी कोळसा आणि हा दगड घालून, भात्यानें फुंकून, तेथील लोहार नांगराचे फाळ, कुऱ्हाडी आणि विळे करीत. गोदावरीच्या खोऱ्यांत वरच्या अंगाला, निजामाबादकडील कोनासमुद्रम् येथें मुशींत लोखंड शिजवून उत्तम पोलाद होई, आणि तें नेण्यासाठीं इराणचे व्यापारी तेथवर येत. या हिंदी पोलादाला विलायतेंत 'वूट्झ' म्हणत. लंडनचा कारागीर जेम्स स्टोडार्ट यानें त्याचे वस्तरे आणि शस्त्रवैद्यांचीं हत्यारें बनविलीं. त्याच्याच सोबतीनें मायकेल फॅरडे, विजेच्या शोधांमुळें पुढें जगप्रसिद्ध झालेला तोच, १८२० च्या आसपास या पोलादाचें रहस्य उकलण्यासाठीं निरनिराळ्या धातूंचीं मिश्रणें करून पाहत होता. आपल्या पोलादाचा वस्तरा मित्रांना भेट देण्याची त्याला हौस होती. हिंदुस्थानच्या लोखंडानें विलायतेंतील प्रयोगशाळा जागी झाली, आणि इकडे तेंच लोखंड विझत गेलें. बोटीनें येणारा विलायती माल स्वस्त पडूं लागला. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर रानें राखीव होत गेलीं आणि लोहाराला कोळसा पूर्वीसारखा मिळेना. वस्तऱ्याचें पातेंहि मग परदेशी पोलादाचें येऊं लागलें.

चांद्याच्या लोखंडाचें पोलाद करण्याचा विचार कोणी केलाच नाहीं असें मात्र नाहीं. १८८२ सालीं जमशेटजी टाटा यांच्या वाचनांत फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. त्यांत लोहाऱ्याच्या दगडाची मोठी शिफारस होती, आणि त्याच जिल्ह्यांत वरोऱ्यास कोळशाची सरकारी खाण चालू होती. लोखंड आणि कोळसा एकाच जिल्ह्यांत म्हणजे अर्धें काम झालें असें कोणासहि वाटावें. परंतु वरोऱ्याचा कोळसा परीक्षेंत भट्टीच्या कामाचा ठरला नाहीं, खाणींविषयींचे त्या वेळचे नियमहि जाचक होते, आणि बेत बासनांत गेला. १९०४ सालीं तो पुन्हां वर आला. सी. एम्. वेल्ड हा अमेरिकन भूशास्त्रज्ञ, दोराबजी टाटा आणि शापुरजी सकलातवाला (पुढें विलायतच्या पार्लमेंटांत कम्युनिस्ट सभासद म्हणून गाजलेले तेच हे) बैलगाड्यांतून चांद्याच्या रानांत हिंडले. दगड चांगला आहे, पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतका नाहीं, असा वेल्डचा निर्णय झाला. शोध दुर्गकडे सरकला, तेथून मयूरभंजाकडे गेला, आणि साकचीस, म्हणजे आजच्या जमशेदपुरास, १९१२ सालीं पोलाद तयार झालें. टाटांच्या कारखान्याचें स्वप्न चांद्याच्या दगडावर पाहिलें गेलें होतें, ही गोष्ट तिकडच्या लोकांनाहि आतां फारशी ठाऊक नसते.

योगायोग असा कीं त्याच १९०४ सालीं, नोव्हेंबर महिन्यांत, अमेरिकेंत किंग कॅम्प जिलेट यास दुधारी पात्याच्या वस्तऱ्याचें पेटंट मिळालें. जिलेट हा बुचें विकणाऱ्या कंपनीचा फिरता विक्रेता. एकदां वापरून फेंकून द्यावी लागेल अशी कांहीं वस्तु शोधून काढ, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हां पुन्हां दारीं येईल, असा सल्ला बाटलीच्या पत्री बुचाचा जनक विल्यम पेंटर यानें त्याला दिला होता. १८९५ सालीं एके सकाळीं बोथट वस्तरा हातांत असतां त्याच्या मनांत आलें कीं काम करते ती धार. मग तिच्या मागें एवढें जाड पोलाद वागवावयाचें कशाला? गंमत अशी कीं याच गृहस्थानें आदल्या वर्षीं व्यापारी स्पर्धेवर कोरडे ओढणारें एक पुस्तक छापलें होतें. पोलादाचे जाणकार म्हणाले कीं पत्र्याइतक्या पातळ पोलादाला अशी धार येणेंच शक्य नाहीं. विल्यम निकर्सन या यंत्रज्ञानें तें शक्य करून दाखविलें. १९०१ सालीं कंपनी निघाली. १९०३ सालीं अवघे ५१ वस्तरे आणि १६८ पातीं खपलीं. पुढच्याच वर्षीं वस्तऱ्यांचा आंकडा ९० हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सरकारनें आपल्या सैनिकांसाठीं ३५ लाख वस्तरे घेतले, आणि युद्धावरून परतलेल्या तरुणांच्या हाताला ती संवय लागून राहिली.

न्हाव्याच्या कलेंतील दोन गोष्टी या यंत्रानें आपल्याकडे घेतल्या. धार लावण्याचें काम कारखान्याकडे गेलें. कोन सांभाळण्याचें काम वस्तऱ्याच्या डोक्यानें उचललें. वरचें झांकण पात्याला किंचित् वांकवून घट्ट धरतें आणि खालची दांतेरी पट्टी कातडीला धारेपासून अंतरावर ठेवते. तिसरी गोष्ट, म्हणजे केंस मनापासून भिजविणें आणि हात हलका ठेवणें, ही मात्र डबींत भरून विकतां आली नाहीं.

हिंदुस्थानांत ही डबी प्रथम साहेबाच्या, मग वकील, डॉक्टर, शिक्षक यांच्या घरीं आली. १९२९ सालीं बल्लारशा-काझीपेठ लोहमार्ग पुरा होऊन दिल्ली-मद्रास वाट चांद्यावरून गेली, आणि असला किरकोळ विलायती माल जिल्ह्याच्या पेठेंत येणें सोपें झालें. जंगलखात्याच्या नोकराला तर ती डबी वरदानच वाटावी. आलापल्लीच्या सागवनांत आठवडेच्या आठवडे फिरतीवर राहणाऱ्याला न्हावी कोठून मिळणार? माडियांच्या पाड्यांत बलुत्याची पद्धतच नव्हती, तेव्हां बलुतेदारहि नव्हता.

परंतु ओसरीवर जें सुखाचें होतें तें आरशासमोर कित्येकांना शिक्षा होऊन बसलें. गाल लाल, गळ्यावर पुरळ, हनुवटीवर तुरटीचे पांढरे डाग, असा नवशिका सकाळीं कचेरींत लांबून ओळखूं येई. दोष पात्याला दिला जाई. खरी गोष्ट अशी कीं, न्हाव्याच्या हाताचा वेग लोकांनीं उचलला आणि त्याचें चोळणें सोडून दिलें. तोंडावर थंड पाण्याचा एक हबका, साबणाचे दोन वेढे, कीं लगेच दाबून ओढलेलें पातें! दुधारी वस्तऱ्याला जोर मुळींच नको. त्याच्या दांड्याचें वजन तेवढें पुरें होतें. पातें कातडीशीं तीस अंशांच्या आसपास कललेलें असावें. तें मोजावयास यंत्र लागत नाहीं. झांकण गालाला टेकवून दांडा हळूहळू खालीं आणीत जावें. धार केंसाला भिडून बारीक करकर ऐकूं येऊं लागली कीं तोच कोन. हात आखूड असावा, पातें वरचेवर धुवावें, आणि ज्या जागेवरचा फेस गेला तेथें पुन्हां फेस लावल्याविना फिरवूं नये. पहिल्याच फेरींत सारे खुंट गेले पाहिजेत हा हट्ट सोडला तर निम्मी रक्ताची धार तेथेंच थांबते. उलट हातानें गळा अगदीं तुळतुळीत होतो खरा. पण तेथें केंस कातडीच्या पातळीखालीं कापला जातो, आणि केंस वळणदार असला तर वाढतांना आंतच शिरतो. गळ्यावरचें पुरळ बहुतेक त्याचेंच. हें सारें गांवच्या न्हाव्याला ठाऊक होतें. परंतु त्याला विचारावयास कोण गेला?

दुसरा दोष काटकसरीचा. पातें हें फेंकून देण्यासाठीं असतें हेंच मुळीं मराठी घराला पटेना. पोलादाची वस्तु आठवड्यांत टाकावयाची म्हणजे उधळपट्टीच. कांचेच्या पेल्याच्या आंतल्या अंगावर पातें घांसून तें आणखी कांहीं दिवस चालवीत, आणि दुसऱ्या महायुद्धांत परदेशी माल दुर्मिळ झाला तेव्हां ही युक्ति फारच कामास आली. ती अगदींच खुळी नव्हती. चामड्याच्या पट्ट्याचें काम थोडेंबहुत पेल्याची कांच करी. परंतु त्या वेळचें पोलाद गंजणारें. चांद्याकडच्या पावसाळ्यांत ओलें राहिलेलें पातें दुसऱ्या सकाळीं तांबूस दिसे. जाणता माणूस तें पुसून, तेलाचा थेंब लावून ठेवी. बाकीचे गंजलेल्या धारेनेंच गाल सोलीत आणि साबणाला नांवें ठेवीत. १९६२ च्या सुमारास विल्किन्सन स्वोर्ड या इंग्लिश कंपनीचें न गंजणारें पातें बाजारांत गाजलें आणि इतरांनाहि तोच मार्ग धरावा लागला. तरी पातें बोथट व्हावयाचें तें होतेंच. केंसाहून सुमारें पन्नास पट कठीण असलेलें पोलाद केंसानें बोथट व्हावें याचें शास्त्रज्ञांनाहि कोडें होतें. २०२० सालीं मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांतील संशोधकांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून दाखविलें कीं, धार नुसती झिजत नाहीं. केंस वांकून कलत्या कोनांत सांपडला म्हणजे पात्याच्या कांठाचे अतिसूक्ष्म टवके उडतात. जिलेटचें पातें शक्य करणारा निकर्सन याच विद्यालयांत शिकलेला होता.

असो. या वस्तूचा हिशेब गालांवरच करून भागणार नाहीं. ज्या वस्तींत धोकटी कधीं आली नव्हती तेथें एक डबी आणि चार पातीं पोंचलीं, तेव्हां दाढीसाठीं गांवाच्या मर्जीकडे पाहणें संपलें. १९५५ सालच्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यांत 'दुकान' या शब्दाची व्याख्या करतांना धुलाईचें दुकान आणि केशकर्तनालय यांचा मुद्दाम उल्लेख करण्यांत आला. नकार नेमका कोठें मिळतो हें कायदा करणारांना ठाऊक होतें. जुने न्हावी-धोबीच ते. दुसऱ्या वर्षीं, १६ ऑक्टोबर १९५६ रोजीं, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनीं, डॉ. आंबेडकरांनीं चांद्यास दीक्षा दिली. त्या दिवशीं तेथें जमलेल्या समुदायांत गांवच्या न्हाव्याचा हात बापजाद्यांच्या गालाला कधीं लागला नाहीं असे लोक होते. कायद्यानें केशकर्तनालयाचें दार त्यांना उघडून दिलें आणि दुधारी पात्यानें त्या दाराशीं जाण्याची गरज उरूं दिली नाहीं. या दोन गोष्टी एक समजूं नयेत. स्वतःची दाढी स्वतः करतां येणें ही सुटका खरी, परंतु परक्याच्या हातीं वस्तरा असतां खुर्चींत डोळे मिटून निर्धास्त मान टाकतां येणें हें अधिक आहे, आणि तें कोणत्याहि डबींत मिळत नाहीं.

न्हाव्याचेंहि बलुतें सुटलें. खळ्यावरचें धान्य गेलें. त्याऐवजीं चंद्रपूर, वरोरा, ब्रह्मपुरीच्या पेठेंत खुर्ची, दोन आरसे आणि रोख दर आले. वर्षाचें बांधलेलें पोट सुटलें, पण कोणाची दाढी किती पैशांत करावयाची हें ठरविण्याचा अधिकार प्रथमच त्याच्या हातीं आला. ज्या पात्यानें त्याचें रोजचें गिऱ्हाईक नेलें तें पातेंहि पुढें त्याच्याकडेच परत आलें. १९९० नंतर एड्सची भीति पसरली. एकाच्या गालावर फिरलेला वस्तरा दुसऱ्याला लावणें धोक्याचें आहे हें लोकांना कळूं लागलें. पिढीजाद घडीचा वस्तरा हळूहळू धोकटीच्या तळाशीं गेला, आणि त्याच घडणीचा पण पातें बदलतां येईल असा नवा वस्तरा आला. त्यांत अर्धें दुधारी पातें बरोबर बसतें.

गडचिरोलीच्या रानांतील आठवडी बाजारांत हा वस्तरा आज पाहावयास मिळतो. एटापल्ली तालुक्यांतील सुरजागडची टेकडी माडियांच्या ठाकूरदेवाची. तिच्या पोटांतलें लोखंड आतां खणून काढलें जात आहे, त्यावरून वाद आणि रक्तपातहि झालेला आहे, आणि लोहदगडाच्या मालमोटारींमागें उठणारी तांबडी धूळ रस्त्याकडेच्या झाडांवर बसलेली दिसते. बाजारांत मिठाच्या आणि सुक्या मासळीच्या दुकानांपलीकडे, झाडाच्या सावलींत, लांकडी खुर्ची मांडून न्हावी बसलेला असतो. गिऱ्हाईक बसलें कीं तो कागदांत गुंडाळलेलें नवें पातें त्याच्या डोळ्यांपुढें धरतो आणि कागदासकट मधोमध कडकन् मोडतो. एक अर्धुक वस्तऱ्यांत जातें. दुसरें पुढच्या गिऱ्हाइकासाठीं त्याच कागदांत पुन्हां गुंडाळून खिशांत. मग तो वस्तरा बाजूला ठेवतो, वाटींत बोटें बुडवितो, आणि गाल चोळूं लागतो.